उशिरा येणारा आकडा

गंगापूर रोडवरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काम करते आहे. लॅब पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. सकाळी सातला शटर वर जातं तेव्हा जिन्यात उपाशीपोटी आलेली माणसं बसलेली असतात, आणि उपाशी माणूस किती चिडका असतो ते मला विचारा. मीही काही कमी नाही. दंडाला रबर बांधून घेतलेला चांगला सहा फुटी गडी "मॅडम, दुखणार नाही ना?" असं विचारतो तेव्हा मी "दुखणार" एवढंच सांगते. खोटं बोलायची मला सवय नाही.

लहान मुलांचे डॉक्टर चिठ्ठीवर एक तपासणी हमखास लिहितात. सीआरपी. शरीरात कुठे जंतूंशी मारामारी सुरू झाली, सूज आली, की यकृत हे द्रव्य रक्तात सोडतं. सूज जास्त, तर आकडा मोठा. मी कामाला लागले तेव्हा आम्ही काळ्या काचपट्टीवर थेंब टाकून ती पट्टी हातात धरून हलवत बसायचो आणि रव्यासारखे कण दिसले की पॉझिटिव्ह म्हणायचो. आता मशीन दशांशापर्यंत आकडा देतं. मला त्या आकड्याचा फार अभिमान. तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन जिन्यात बसलेली आई माझ्या तोंडाकडे बघत असते, आणि आकडा लहान आला की मी दारातूनच सांगते, काही नाही, व्हायरल आहे. हे सांगायचं काम डॉक्टरांचं, माझं नव्हे. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि त्या बायांचे चेहरे सैल झालेले बघायला मला आवडायचं. मूल कसं दिसतंय हे मात्र मी कधी नीट पाहिलं असेल असं वाटत नाही. माझ्यापर्यंत यायची ती त्याची नळी.

घरात आम्ही चौघं. मी, मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. सून देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत शिकवते. बोलते कमी, करते जास्त, आणि वाद घालत नाही. "हो आई" म्हणते आणि कामाला लागते. सात वर्षांत आमचं भांडण झालं नाही याचं श्रेय मी बरीच वर्षं स्वतःला देत होते.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. संक्रांत झाली होती आणि नातीचं बोरन्हाण करायचं म्हणून विहीणबाई नांदगावहून आल्या होत्या. येताना बोरं, ऊस, बाजरीचं पीठ आणि घरच्या शेंगा अशा दोन पिशव्या भरून. विहीणबाई नांदगावजवळच्या खेड्यात आशाताई आहेत. गावात घरोघर फिरून बाळंतिणी आणि पोरं बघायची, लसीकरणाला माणसं गोळा करायची, हे त्यांचं काम. मनगटाला सेकंदकाट्याचं मोठं पुरुषी घड्याळ. मला त्यांचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू, पण ते वरून खाली बघणाऱ्याचं कौतुक होतं. मी डिप्लोमा झालेली, त्या दहावी. त्या मला "ताई" म्हणायच्या, आणि मला ते बरोबरच वाटायचं.

नाशकात त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती. नातीला दोन दिवस खोकला होता, सोमवारी रात्री ताप आला. मुलगा कंपनीच्या कामाने चेन्नईला गेलेला. मंगळवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर साडेनऊला मी नेहमीसारखी चहाला घरी आले, लॅब चालत दहा मिनिटांवर आहे, तर विहीणबाई नातीचा स्वेटर आणि फ्रॉक वर करून तिच्या पोटाकडे एकटक बघत बसलेल्या. एक नजर घड्याळावर. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं. माझ्याच घरात मला कुणी हाताने थांबवलं याचा मला राग आला, आणि तो राग पुढच्या सगळ्याला कारण झाला.

मिनिट झाल्यावर त्या म्हणाल्या, "बावन्न भरले. एवढ्या वयाला चाळीसच्या वर गेलं तर थांबायचं नाय, ताई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यावं लागंल."

सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ताप आला की श्वास वाढतोच, आधी रक्त तपासू, आकडा काय येतो बघू आणि मग ठरवू. आता दवाखान्यात नेलं तरी तेही आधी रक्तच काढणार. यात चूक काहीच नव्हतं, म्हणूनच ते इतकं पटण्यासारखं होतं. विहीणबाई पुन्हा म्हणाल्या की रिपोर्टची वाट बघू नका. मी ऐकलं नाही. पर्समध्ये बारकी सुई आणि नळ्या असतातच, तिथेच सोफ्यावर नातीचा हात धरला.

ती रडली नाही. एरवी औषधाचा चमचा बघून घर डोक्यावर घेणारी पोर, सुई टोचली तरी नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिची पापी घेतली आणि म्हटलं, शहाणं गं माझं बाळ, आजीला मुळीच त्रास दिला नाही. रडण्याइतकाही दम तिच्यात उरला नव्हता. हे मला तेव्हा दिसलं नाही.

लॅबमध्ये येऊन नळी लावून ठेवली. लाल झाकणाच्या नळीतलं रक्त गोठायला अर्धा तास जातो, तो गेला. सीआरपी आला नऊ. पुन्हा लावला, पुन्हा नऊ. पांढऱ्या पेशीही फार वाढलेल्या नव्हत्या. माझा जीव भांड्यात पडला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते तेव्हा मी सुनेला फोन केला. आकडा अगदी लहान आहे, व्हायरल आहे, वाफ द्या, तापाचं औषध द्या, दवाखान्यात न्यायची काही गरज नाही. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण पुढे म्हणाले, "आणि तुझ्या आईला सांग, ते मोजणं आता पुरे करा म्हणावं."

मागे कुणाचं तरी मूल रडत होतं, शेजारचं असेल असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "हो आई."

मी दुपारपर्यंत काम केलं, आणि चांगल्या मनाने केलं. अडीचला मोसंबी घेऊन घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या वहिनींनी सांगितलं की त्या दोघी मुलीला घेऊन कॉलेज रोडकडच्या मुलांच्या दवाखान्यात गेल्या. कधी, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं, त्या नुकत्याच बाजारातून आल्या होत्या. रिक्षात बसले तेव्हा मी संतापले होते. माझ्या घरात माझा शब्द मोडला, तोही माझ्या विषयात. काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत गेले.

दुसऱ्या मजल्यावर गेले आणि सगळं जुळवलेलं विसरले. नात पलंगावर उशीला टेकून बसवलेली, नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी. श्वास घेताना तिच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांखाली खळगा पडत होता. सून तिचे पाय चोळत होती. विहीणबाई कोपऱ्यात उभ्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही आणि नजर चुकवलीही नाही. डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान दिसत होते. खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरून त्यांनी दाखवलं, उजव्या बाजूला खाली एक पांढरा डाग. न्यूमोनिया. ते म्हणाले, "आजी, काळजी करू नका. वेळेवर आणलंत."

त्या वाक्याने दुसऱ्या कुणाला धीर आला असता. मला वाटलं आपल्या तोंडात कुणीतरी मारली.

कारण मला सगळं माहीत होतं. लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलींना मीच सांगते, सीआरपी लगेच वाढत नाही. आजार सुरू झाला तरी तो वाढायला काही तास जातात, कधी दिवस जातो, म्हणून ताप कधी आला ते विचारून घ्या. ताप आदल्या रात्रीचा होता. लवकर काढलेल्या रक्तात आकडा लहान येणारच होता. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर कदाचित मला आठवलंही असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी मनाशी वेळ जुळवून बघितली. सव्वाअकराला मी फोन केला. म्हणजे त्या माझ्या शब्दावर थांबल्या असणार, मग पोर जास्तच दमायला लागली तेव्हा एक-दीडला निघाल्या असणार. दोन तास. माझ्या आकड्याने आणि माझ्या जिभेने घालवलेले दोन तास. सुनेला नुसतं विचारायचं होतं, तुम्ही किती वाजता निघालात? सगळ्या गावाला तोंडावर सांगणाऱ्या बाईची ते विचारायची छाती झाली नाही. मी खिडकीपाशी बसून मोसंबी सोलत राहिले, जी कुणी खाल्ली नाहीत.

औषधं सलाईनमधून सुरू झाली. बुधवारी सकाळी सिस्टरने सांगितलं, सीआरपी शहाण्णव. गुरुवारी एकशे अठरा. दोन दिवस औषधं चालू असून आकडा चढतो आहे म्हणजे औषध लागू पडत नाही, हे उघड होतं. निदान मला उघड होतं. मी तिथूनच मुलाला फोन लावला आणि सांगितलं की मुलीला मुंबईला हलवू, अॅम्ब्युलन्सचं बघ. तिकडे तो रडकुंडीला आला. सून नातीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

विहीणबाई पलंगाशेजारी बसल्या होत्या. मंगळवारपासून त्या माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, जरा इकडं या. आकडा ऱ्हाऊ द्या, पोरगी बघा." आणि त्यांनी नातीचा फ्रॉक वर केला. "काल चव्वेचाळीस होते, आज अडतीस हायेत. आन् सकाळधरनं शेंगा मागून ऱ्हायली. आजारी पोर खायला मागत नसतं."

मी म्हटलं, मी मोजते. सेकंदकाटा बघून सुरुवात केली आणि मिनिटभरात माझे शहात्तर भरले. मी घाबरून ओरडलेच. विहीणबाईंनी पुन्हा मोजायला लावलं आणि या वेळी माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पोट वर आलं की एक मोजत होते आणि खाली गेलं की दुसरा. आपल्या नातीला मी दुप्पट श्वास लावले होते. सून आधी गंभीर राहिली, मग तिलाही हसू आवरेना, आणि नाकात नळी असलेली नातही आम्ही का हसतो ते न कळता हसली. मंगळवारनंतर त्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, मी स्वतःलाच म्हटलं, पण मला फार बरं वाटलं.

दुपारच्या राउंडला डॉक्टर आले तेव्हा मी मुंबईचा विषय काढलाच, जित्याची खोड. एकशे अठराचं काय, असं विचारलं. त्यांनी आधी नातीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून सगळीकडून ऐकलं, मग ऑक्सिजन किती लागतोय ते बघितलं, आणि मग माझ्याशी बोलले. "आजी, हा आकडा चढायला वेळ घेतो आणि उतरायलाही घेतो. तो कालचं सांगतो. श्वास आत्ताचं सांगतात." त्यांनी विहीणबाईंकडे बघून विचारलं की तुम्ही कुठे काम करता, आणि त्यांनी सांगितल्यावर म्हणाले की आमच्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना एकदा तुमच्याकडे पाठवायला हवं. विहीणबाई लाजल्या. एकतीस वर्षांत कुठल्या डॉक्टरने मला असं म्हटल्याचं आठवत नाही, पण त्या दिवशी मला हेवा वाटला नाही. थोडासाच वाटला.

शुक्रवारी ऑक्सिजन काढला. शनिवारी सीआरपी चाळीसच्या आत आला, म्हणजे मशीनला एकदाची बातमी पोचली. तोवर नात कॉटवरून उतरून सलाईनच्या स्टँडला धरून फिरायला लागली होती. त्याच सकाळी मुलगा आला. तिने त्याला बघून पहिली तक्रार केली की आजी सारखं माझं पोट बघते. आणि ते खरं होतं. मला आता नादच लागला होता. तिला झोप लागली की मी मनगटावरचं घड्याळ सारखं करून बसायची, अख्खं एक मिनिट. एकतीस वर्षं मी एवढी मुलं तपासली, पण एखाद्या मुलाकडे सलग मिनिटभर बघत बसायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. बत्तीस. तीस. अठ्ठावीस. विहीणबाई शेजारी बसून हळूच मोजून बघत आणि जुळलं की मान हलवत.

घरी आल्यावर विहीणबाईंना मी आठवडाभर जाऊ दिलं नाही. गावातलं काम दुसऱ्या आशाताईला सांगून त्या राहिल्या. मी लॅबमधून आले की आम्ही दोघी गॅलरीत उन्हात शेंगा सोलायचो आणि त्या मला गावातल्या पोरांच्या गोष्टी सांगायच्या. कुणाच्या घरी रात्री चालत गेल्या, कुणाच्या सासूने दारातून हाकललं. सासूचा उल्लेख आला की त्या जरा अडखळायच्या आणि मी म्हणायची, सांगा हो, मला लागत नाही. लागत होतं. ती दोन तासांची ठसठस गेली नव्हती. मूल बरं झालं, सगळे हसताहेत, आणि सुनेने एका शब्दाने मला काही बोलून दाखवलं नाही. तिने एकदा सुनावलं असतं तर मला सोपं झालं असतं.

बोरन्हाण रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी ठरवलं. शेजारच्या मुलांना चारला बोलावलं होतं. दुपारी सून जमिनीवर बसून हलव्याचे दागिने ओवत होती, विहीणबाई आत चुरमुऱ्यात बोरं आणि उसाचे करवे मिसळत होत्या, आणि नात आपला काळा फ्रॉक घालून आरशासमोर उभी होती. मला कुणी काही काम देईना, म्हणून मी दवाखान्याची फाइल काढली आणि कागद तारखेप्रमाणे लावायला बसले. इतके दिवस मी तिला हात लावला नव्हता. पहिल्या दिवसाचे कागद सगळ्यात खाली होते.

रिपोर्ट हातात घेतला की माझं लक्ष आधी आकड्याकडे जात नाही, रक्त किती वाजता काढलं तिकडे जातं. ती आमच्या धंद्याची सवय आहे. मंगळवारचा त्यांच्या लॅबचा रिपोर्ट. सॅम्पल घेतल्याची वेळ, दहा पस्तीस.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दहा पस्तीस. म्हणजे मी माझी नळी घेऊन जिना उतरले, आणि माझ्या पाठोपाठच त्या दोघी मुलीला गुंडाळून निघाल्या. माझं मशीन सुरू व्हायच्या आत नात दवाखान्यात पोचली होती. दोन तास सोडाच, दोन मिनिटंही माझ्यामुळे गेली नव्हती. माझ्या रिपोर्टसाठी कुणी थांबलंच नव्हतं.

मी सुनेला विचारलं, "मी फोन केला तेव्हा तू कुठे होतीस?"

तिने ओवणं थांबवलं नाही. "एक्स-रेच्या रांगेत."

"मग मला हो का म्हणालीस?"

"तिथे वाद कुठे घालत बसणार होते?" असं म्हणून तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. सात वर्षांत ती माझ्याशी सलग इतकं कधी बोलली नसेल. "आई, तुमचं ऐकून थांबले असते आणि पिल्लूला काही झालं असतं, तर मी तुम्हाला कधीच माफ केलं नसतं. मला या घरात तुमच्याबरोबर राहायचं होतं. म्हणून थांबले नाही."

आतून विहीणबाईंनी विचारलं की तीळ कुठे ठेवलेत, आणि सून उठून गेली. मी फाइल बंद केली, स्वयंपाकघरात जाऊन वाटीत साखर घेतली आणि देवापुढे ठेवली. सुनेने आपलं ऐकलं नाही म्हणून देवाला साखर ठेवणारी सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही.